किमो चालू असताना लक्ष्मणफळाचा काढा: झाडपाल्यात खरंच कॅन्सरचं औषध असतं का?

वृंदा_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आईला (वय ५८) गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. ऑपरेशन झालं, किमोच्या लाल औषधाचे चार डोस झाले, आणि आता दर गुरुवारी एक असे बारा डोस चालू आहेत, त्यातले पाच झाले. मधेच अक्कलकोटहून मामा पिशवीभर लक्ष्मणफळाची पानं घेऊन आला. त्याच्या मोबाईलवर मेसेज आहे की ही पानं किमोपेक्षा १० हजार पटीनं जास्त ताकदीची आहेत आणि कंपन्यांनी ते दाबून ठेवलंय. आई गेले तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ वाटीभर काढा पितेय. परवा म्हणाली, "सात सुया राहिल्यात, त्या सोडून देऊ का गं, ह्यानं बरं वाटतंय."
डॉक्टरांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले असलं काही आम्हाला विचारू नका. तेव्हापासून आई त्यांच्यापासून काढा लपवते आणि मला पण सांगू देत नाही. मला खरंच माहीत करून घ्यायचंय, झाडांमध्ये कॅन्सरवर काही असतं का नसतं? असेल तर मामा चुकतोय कुठं? मामाला उलटून बोलायची हिंमत नाही माझी, त्याच्या जिवावर वाढलोय आम्ही.

बाळीवेसकर
ताई, तोच मेसेज आमच्या गल्लीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा येतोच. आईंना लवकर बरं वाटो.

शेंगाचटणी
वाचतोय. जाणकार लिहा लवकर.

फार्मा_प्रसाद
वृंदाताई, मी पंधरा वर्षं कॅन्सरच्या औषधांच्या दुकानात काउंटरला आहे. तुमच्या आईंना आत्ता जे दर गुरुवारी लागतंय त्याचं नाव बहुतेक पॅक्लिटॅक्सेल असणार, बाटलीवर बघा. ते झाडातूनच आलेलं औषध आहे! म्हणजे मामा म्हणतात की झाडात औषध आहे ते खरंय, आणि ते औषध आई आधीच घेतायत.

अमेरिकेच्या वायव्य भागात यू नावाचं झाड आहे. १९६२ साली तिथल्या शेतकी खात्याच्या माणसानं त्याची साल गोळा केली, तेव्हा तिथलं सरकार हजारो वनस्पतींचे नमुने कॅन्सरसाठी तपासत होतं. त्या सालीतला नेमका पदार्थ वेगळा काढला तो मन्रो वॉल आणि मनसुख वाणी ह्या दोघांनी, आणि त्याची रचना १९७१ साली छापून आली. ह्यातले वाणी कुठले माहितीय का? जन्म नंदुरबारचा, १९२५. मुंबई विद्यापीठात शिकून मग अमेरिकेला गेलेले. आपल्या खानदेशातला माणूस, आणि आपल्याला नाव पण माहीत नसतं ह्याचं मला फार वाईट वाटतं.

पुढं १९७९ साली सुझन हॉर्विट्झ ह्या बाईंनी ते पेशीत नेमकं काय करतं ते शोधलं, आणि अमेरिकेत मान्यता मिळाली १९९२ अखेरीस, तीही आधी अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. साल सोलण्यापासून पेशंटच्या हातात लागेपर्यंत तीस वर्षं. मधल्या काळात दुसरी पंचाईत अशी की शंभर वर्षांच्या एका झाडाची सगळी साल सोलली तरी जेमतेम एका डोसाएवढा माल निघायचा आणि झाड मरायचं. मग युरोपातल्या यूच्या पानांतून जवळचा पदार्थ काढून उरलेलं प्रयोगशाळेत जोडायची पद्धत निघाली, पानं काय परत येतात. म्हणून आज ते तुम्हाआम्हाला मिळतंय.

सुई लावायच्या आधी आईंना स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन देतात ना? तेही सांगतो. हे औषध पाण्यात विरघळतच नाही, म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावणात ते धरून ठेवतात, आणि त्या द्रावणाची काहींना जोरात रिअ‍ॅक्शन येते. तेवढ्यासाठी ती तयारी.

गड्डा_यात्री
प्रसादभाऊ माहिती चांगली, पण मग माझा साधा प्रश्न आहे, औषध झाडातच होतं तर झाडच का नको? सालीचा काढा करून दिला असता तर गरिबाला परवडलं असतं की. कंपनी एक पदार्थ वेगळा काढते, पेटंट घेते आणि आपल्याकडून हजारो रुपये. आपले पूर्वज काय वेडे नव्हते.

फार्मा_प्रसाद
पॅक्लिटॅक्सेलचं पेटंट कधीच संपलंय, आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या बनवतात. किमतीवर तुमचा राग असेल तर मी तुमच्या बाजूनं आहे, लोक गहाण टाकून औषध नेताना मी रोज बघतो. काढ्याचं मात्र मानत नाही. यू हे झाड विषारी आहे, त्याची पानं खाऊन तिकडं गुरं मरतात, हृदय बंद पडतं.

लेकाची_आई
काढा का नको ह्याचं उत्तर माझ्या घरात आहे, म्हणून लिहितेय.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. त्याला व्हिन्क्रिस्टीन लागायचं. हे आपल्या सदाफुलीतलं औषध, तीच दारातली जांभळी-पांढरी, तुळशीशेजारी असते ती. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी घरी येऊन कुंडीसमोर बसूनच राहिले. मग वाचत गेले. जमैकात लोक सदाफुलीच्या पाल्याचा चहा मधुमेहावर प्यायचे, म्हणून कॅनडात नोबल आणि बीअर ह्या दोघांनी १९५०च्या दशकात उंदरांवर करून बघितला. तोंडावाटे दिला तर साखर काही उतरली नाही. सुईनं दिला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गानं मरायला लागले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशीच नाहीशा झाल्या होत्या. तिथं त्यांच्या लक्षात आलं की पांढऱ्या पेशी वाढण्याचाच जो आजार आहे त्याला हे चालेल. बघा, तोंडानं काही नाही आणि सुईनं जीवघेणं, पाला तोच.

व्हिन्क्रिस्टीन १९६३ पासून वापरात आहे. एक ग्रॅम निघायला शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. आणि माझ्या मुलाला एका वेळी किती लागायचं, तर एका मिलिग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाला पण सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. साखरेच्या एका दाण्याएवढं म्हणा. ते सुद्धा शिरेतच, शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते, चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर माणूस सहसा वाचत नाही. असलं औषध कुणी वाटीनं मोजून देईल का?

तेवढ्याशा डोसानं पण त्याच्या पायातली ताकद गेली. पाऊल उचललं जायचं नाही, फरशीवर फट् फट् आवाज यायचा, चप्पल तर प्रत्येक पावलाला निसटायची. मी त्याच्या सँडलला मागून नाडी शिवून दिली होती. आज तो अकरावीला आहे, सायकलवर कॉलेजला जातो. नाडीची सँडल मी अजून ठेवलीय.

शेंगाचटणी
अंगावर काटा आला अक्का. लेकराला खूप शुभेच्छा.

मागवाला_अशोकचौक
मी चादरीच्या मागावर बत्तीस वर्षं काढली, माझ्या मिसेसला पण हेच पॅक्लिटॅक्सेल लागलं होतं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईनं मला समजावलं ते सांगतो, आपल्या सोलापूरकरांना लगेच कळेल. एका पेशीच्या दोन होताना आत सुतासारखे बारीक तंतू तयार होतात, ते तंतू माल दोन्हीकडं ओढून वाटणी करतात आणि काम झालं की उसवून जातात. अक्कांनी सांगितलं ते सदाफुलीचं औषध तंतू भरूच देत नाही. पॅक्लिटॅक्सेल उलटं, भरलेले तंतू उसवूच देत नाही. दोन्हीकडून माग अडकतो आणि पेशी मरते. पण आपल्या नसांमध्ये पण असलेच तंतू असतात, म्हणून हातापायाला मुंग्या. मिसेसचं सगळं होऊन चार वर्षं झाली, बोटांची थोडी बधिरता राहिलीय, बाकी ठणठणीत.

निवृत्त_वनस्पतीशास्त्र
गड्डा_यात्री, पूर्वज वेडे नव्हते हे अगदी मान्य. पण एक झाड सांगतो जे आपल्या सह्याद्रीत आहे, आणि त्याच्या बाबतीत आपण सगळेच चुकलो.

नरक्या. पान चुरगळलं की असा वास येतो की नाव का पडलं ते विचारायला नको. महाबळेश्वर, कोयना, आंबोली ह्या पट्ट्यात. कॉलेजची मुलं घेऊन सहलीला जायचो तेव्हा मी मुद्दाम हातात द्यायचो, आणि मुलं हात धुवायला ओढा शोधायची. ह्याच्या लाकडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन असतं, कॅन्सरच्या पेशी मारणारा पदार्थ. ते पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात, १९६६ साली, आणि शोधणारे परत वॉल आणि वाणीच! १९७२ साली आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते नरक्यात पण आहे.

आता खरी गोष्ट ऐका. १९७०च्या आसपास कॅम्प्टोथेसिनचा साधा क्षार करून पेशंटना दिला. गाठी काही जणांच्या कमी झाल्या, पण मूत्राशयातून रक्त जायला लागलं आणि प्रयोग थांबवावे लागले. निसर्गात होतं तसं ते माणसाला सोसवेना. मग वीसेक वर्षं खपून त्याच्या रेणूत बदल केले तेव्हा कुठं टोपोटेकान आणि इरिनोटेकान आली, दोन्हींना अमेरिकेत १९९६ला मान्यता. आज आतड्याच्या कॅन्सरला इरिनोटेकान सर्रास वापरतात.

आणि आपल्याकडं काय झालं तर परदेशात मागणी आहे म्हटल्यावर नरक्या मुळासकट उपटून टेम्पो भरभरून गेला. जिथं पंचवीस झाडं मोजली होती तिथं मला नंतर दोन दिसली. मला ह्याचा राग आहे आणि तो जाणार नाही. झाडावर प्रेम असेल तर ते जंगलात उभं राहायला पाहिजे.

गड्डा_यात्री
सर, नरक्याचं माहीत नव्हतं. पण हळदीचं काय? हळदीचं पेटंट तर अमेरिकेनं चोरलंच होतं ना?

निवृत्त_वनस्पतीशास्त्र
चोरलं होतं आणि आपण परत घेतलं. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या नावे झालं होतं, माशेलकर सरांच्या काळात सीएसआयआर ह्या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ पुढं ठेवून लढा दिला आणि १९९७ला ते रद्द झालं. तो लढा जखमेचा होता, कॅन्सरचा नव्हे.

फार्मा_प्रसाद
हळदीबद्दल मीच लिहितो, कारण काउंटरवर रोज विचारतात. हळदीतल्या कर्क्युमिननं प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरंय. पण पोटातून रक्तात ते जवळजवळ जातच नाही, यकृत लगेच मोडून टाकतं. ट्रायलमध्ये लोकांना दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलंय तरी रक्तात नावापुरतं सापडलं. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोच्या वर हळद खायला लागेल.

मग लोक मिरीतलं पायपरिन घातलेल्या कॅप्सूल घेतात. त्यानं कर्क्युमिन रक्तात जास्त जातं हे बरोबर, पण कसं? पायपरिन यकृताचं मोडायचं काम अडवतं म्हणून. आणि किमोची औषधं पण यकृतच मोडतं! भाजीतल्या हळद-मिरीला कुणी नाही म्हणत नाही हो, आमटीत घाला. कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नको.

बार्शीची_मनीषा
टाटा हॉस्पिटलची १०० रुपयांची गोळी आली होती ना बातमीत? ती पण द्राक्षातली म्हणे. आमच्या भावाची द्राक्षबाग आहे म्हणून विचारते.

फार्मा_प्रसाद
फेब्रुवारी २०२४ची बातमी. रेझव्हेरेट्रॉल आणि तांबं. रेझव्हेरेट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं. त्यांचा दावा असा की मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले जनुकांचे तुकडे त्यानं निकामी होतात. बराचसा पुरावा उंदरांवरचा, माणसांवरचे अभ्यास लहान. बातमीच्या वेळी तरी ती गोळी परवानगीच्या वाटेवर होती. द्राक्षं खाऊन किंवा तांब्यातलं पाणी पिऊन ते होत नाही.

बार्शीची_मनीषा
बरं. भावाला सांगते, द्राक्षं द्राक्ष म्हणूनच विक 😀

शेंगाचटणी
अवांतर होतंय पण विचारतोच, आमच्या शेंगाचटणीचा काय फायदा-तोटा? नावातच घेऊन बसलोय.

निवृत्त_वनस्पतीशास्त्र
चटणी खुशाल खा. फक्त काळपट, बुरशी आलेले, कडू लागणारे दाणे फेकून द्या. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि त्यानं यकृताचा कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालंय. भाजून पूर्ण जात नाही ते.

विडीघरकुल
सगळे झाडांचं बोलताय म्हणून मी पण सांगते. माझी आई पस्तीस वर्षं विड्या वळतेय. मांडीवर सूप, तेंदूची पानं कातरायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, दिवसाला हजार. आम्ही लहानपणी त्याच खोलीत झोपायचो, तंबाखूच्या वासानं शिंका यायच्या. तेंदूचं पान झाडाचं, तंबाखू झाडाची, त्यात काही केमिकल मिसळलेलं नाही. माझे वडील तोंडाच्या कॅन्सरनं गेले, मावा खायचे. तेव्हा "नैसर्गिक आहे, काही होत नाही" असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

वडिलांची गोष्ट सांगते. गालात आतून पांढरा चट्टा होता, तेव्हा सिव्हिलला दाखवलं, ऑपरेशन करू म्हणाले. कुणीतरी एका औषधवाल्याचं नाव सांगितलं, गाव सांगत नाही. तपकिरी पावडरच्या पुड्या, मधातून घ्यायच्या, महिन्याचे साडेचार हजार. आठ महिने घेतल्या. पहिले दोन महिने वडील म्हणायचे कमी वाटतंय. नंतर तोंडात दोन बोटं जाईनात, भाकरी दुधात कुस्करून दिली तरी गालातून बाहेर यायची. परत गेलो तेव्हा ऑपरेशनची वेळ गेली होती. तो औषधवाला शेवटच्या दिवशी पण म्हणाला की तुम्ही पथ्य पाळलं नाही.

मागवाला_अशोकचौक
पोरी, तुझ्या वडिलांना मी ओळखत नाही पण डोळ्यात पाणी आलं.

लेकाची_आई
हे वाचून एक सांगावंसं वाटतं. २०१८ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, कॅन्सर पसरलेला नसताना फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ पेशंट आणि नेहमीचे उपचार घेतलेले ५६० पेशंट अशी तुलना. पर्यायीवाल्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटीच्या वर. वृंदा, हा आकडा मामांना दाखव, भांडू नकोस, नुसता दाखव.

वैद्य_होटगीरोड
मी आयुर्वेदाचा पदवीधर, अठरा वर्षं प्रॅक्टिस. धागा वाचून दोन गोष्टी मनापासून लिहितो.

वृंदाताईंच्या डॉक्टरांचं हसणं मला फार खटकलं. पेशंट घाबरलेला असतो, घरातलं माणूस प्रेमानं काहीतरी आणून देतं, त्यावर हसलं की पेशंट लपवायला लागतो. माझ्याकडं किमोचे पेशंट येतात, पिशवीतून चार-चार डबे निघतात आणि त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना एकाचाही पत्ता नसतो.

दुसरी गोष्ट माझ्या बाजूच्या लोकांसाठी. आमच्याच शास्त्रात बिब्बा शुद्ध केल्याशिवाय देत नाहीत. बिब्बा उतला की काय होतं ते गावाकडं सगळ्यांना ठाऊक आहे, कातडीवर फोड आणि आग आग. म्हणजे झाड आहे म्हणून निरुपद्रवी हे आयुर्वेद कधीच म्हणत नाही, मेसेज लिहिणारे म्हणतात. गुळवेलीचं घ्या, करोनात लोकांनी किलोनं उकळून प्यायली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ला यकृत सुजलेले पेशंट छापून दाखवले. मी स्वतः किमो चालू असलेल्या पेशंटला मळमळीसाठी, तोंड आल्यासाठी थोडं काही देतो, तेही त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून. गाठ विरघळवतो असं मी कधी म्हणत नाही, आणि जो म्हणतो त्याच्याकडं जाऊ नका.

गड्डा_यात्री
वैद्यबुवांचं पटलं. मी काढ्याच्या बाजूनं बोलत होतो, पण विडीघरकुल ताईंचं वाचल्यावर ती बाजू सोडली. लक्ष्मणफळाचं मात्र अजून कुणी लिहिलं नाही, मूळ प्रश्न तोच होता.

निवृत्त_वनस्पतीशास्त्र
खरंय, भरकटलो. लक्ष्मणफळ सीताफळाच्याच कुळातलं. नर्सरीत हनुमानफळ आणि लक्ष्मणफळ ही नावं वाटेल त्याला लावतात, त्यामुळं मामांनी आणलेली पानं नक्की कशाची हे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, हा पहिला धोका. पानांत अ‍ॅनोनासिन वगैरे पदार्थ असतात, बशीतल्या पेशी त्यानं मरतात, "१० हजार पट" तिथूनच फुगवून आलंय. माणसांवर कॅन्सर बरा झाल्याची एकही नीट ट्रायल नाही.
आणि ग्वाडेलूप नावाच्या बेटावर, जिथं लोक हे फळ आणि पानांचा चहा नेहमी घेतात, तिथं पार्किन्सनसारखा पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त दिसला, १९९९ साली ते छापून आलं. संशय ह्याच अ‍ॅनोनासिनवर आहे, ते मेंदूच्या पेशींना बाधतं. वृंदा, तुझ्या आईच्या नसांवर पॅक्लिटॅक्सेलचा भार आधीच आहे. फळाची एखादी फोड वेगळी, रोजचा काढा वेगळा. मी असतो तर आजच बंद केला असता.

वृंदा_जुळेसोलापूर
सगळ्यांना एकदम उत्तर देते, तीन दिवस दवाखान्यातच होते. बाटलीवर पॅक्लिटॅक्सेलच लिहिलंय प्रसाददादा. मामाला हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. वाणी नंदुरबारचे म्हटल्यावर त्यानं परत वाचायला लावलं, आणि विडीघरकुल ताईंचं आलं तेव्हा उठून गॅलरीत गेला. मग स्वतःच म्हणाला की चल, मी सांगतो डॉक्टरांना, आणलं मी आहे. उरलेली पानं वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला. ह्या वेळी दुसरे डॉक्टर होते, त्यांनी नीट ऐकून घेतलं, किती दिवस, किती वाट्या, सगळं केसपेपरवर लिहिलं आणि यकृताची तपासणी करून घेतली. रिपोर्ट ठीक आला. काढा बंद. सहावा डोस काल झाला.

एक विचारायचं राहिलं. आज सकाळी आई म्हणाली, भाकरी थापताना बोटांना पीठ कळतच नाही, ओलं झालं का कोरडं. हे असंच राहतं का?

लेकाची_आई
ते पुढच्या गुरुवारी डॉक्टरांना आधी सांग, डोस कमी करायचा का ते तेच ठरवतील, अंगावर काढू नका. बऱ्याच जणांचं संपल्यावर हळूहळू कमी होतं, महिने लागतात. आणि तोवर आईला तव्याजवळ जाऊ देऊ नकोस. बोटांना गरम पण कळत नाही, भाजलेलं नंतर फोड आल्यावर दिसतं.

मागवाला_अशोकचौक
अक्का बरोबर बोलल्या. आमच्याकडं सहा महिने भाकरी मी थापली.